पहिल्या परिच्छेदातली कीर्ती

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या मार्टिन ग्रीन यांची ओळख सौरऊर्जेच्या क्षेत्रात कोणाला करून द्यावी लागत नाही. १९७४ साली त्यांनी तिथे सिलिकॉनच्या सौरघटांवर काम सुरू केलं. १९८५ साली त्यांच्या गटाने वीस टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन घट करून दाखवला आणि त्यानंतर बराच काळ सिलिकॉनचा जागतिक उच्चांक त्याच प्रयोगशाळेत फिरत राहिला. अशा माणसाच्या लेखांची यादी सायटेशनच्या, म्हणजे इतर लेखांनी दिलेल्या संदर्भांच्या, उतरत्या क्रमाने लावून बघावी. वरच्या ओळींत घटाच्या रचनेचा एखादा क्रांतिकारक लेख असेल असं वाटतं. तिथे दिसतात तक्ते.

‘प्रोग्रेस इन फोटोव्होल्टाइक्स’ या नियतकालिकात १९९३ पासून दर सहा महिन्यांनी सौरघटांच्या कार्यक्षमतेचा तक्ता छापून येतो. कोणत्या पदार्थाचा घट, त्याचं क्षेत्रफळ किती, कार्यक्षमता किती, ती कोणत्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आणि कधी मोजली, एवढंच त्यात असतं. ग्रीन आणि निरनिराळ्या देशांतल्या मापन-प्रयोगशाळांमधले त्यांचे सहकारी तो तयार करतात. आजवर साठाहून जास्त आवृत्त्या झाल्या आहेत आणि त्यांतल्या काहींना हजारोंनी सायटेशन्स मिळाली आहेत. कारण सरळ आहे. सौरघटावर पेपर लिहिणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या परिच्छेदात एक वाक्य लागतं: अमुक प्रकारच्या घटाने आता इतके टक्के गाठले आहेत. त्या वाक्याच्या शेवटी कंसात जो आकडा टाकायचा, तो या तक्त्याचा.

आता याच ग्रीन यांचा दुसरा एक लेख घ्या. १९८९ साली ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’मध्ये अँड्र्यू ब्लेकर्स, आइहुआ वांग, जियानहुआ झाओ वगैरे सहकाऱ्यांसोबत त्यांनी तीन पानांचा लेख छापला. विषय होता २२.८ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन घट. नेहमीच्या घटात मागच्या बाजूला सगळीकडे ॲल्युमिनियम फासलेलं असायचं आणि प्रकाशाने मोकळे झालेले बरेच इलेक्ट्रॉन त्या सीमेवर वाया जायचे. या चमूने मागच्या बाजूवर विद्युतरोधक थर दिला आणि धातूचा स्पर्श फक्त बारीक छिद्रांपुरता ठेवला. त्यामुळे इलेक्ट्रॉन वाचले, शिवाय आरपार निघालेला प्रकाश परतून पुन्हा सिलिकॉनमध्ये आला. या रचनेला पर्क म्हणतात. ती कारखान्यात उतरायला दोन दशकांहून जास्त काळ गेला. मागचा थर स्वस्तात देण्याची आणि लेझरने छिद्रं पाडण्याची सोय तोवर नव्हती. पण २०२० च्या आसपास जगात तयार होणारी बहुतेक सिलिकॉन पॅनेलं याच रचनेची होती. आपल्याकडे त्या काळात छपरावर चढलेल्या पॅनेलांपैकी कितीतरी पर्कची आहेत. २०२३ चा क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पुरस्कार ग्रीन, ब्लेकर्स, वांग आणि झाओ या चौघांना मिळाला तो यासाठीच. तरीही त्या तीन पानांना मिळालेली सायटेशन्स तक्त्याच्या एखाद्या लोकप्रिय आवृत्तीपुढे फिकी पडतात.

यावरून सायटेशन निरर्थक असतं असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकजण करतात. मला तो आळशीपणा वाटतो. तक्ता खरोखरच उपयोगी आहे. तो नसता तर प्रत्येक प्रयोगशाळेने आपापल्या घरच्या दिव्याखाली मोजलेले आकडे छातीठोकपणे छापले असते. एक हजार वॉट प्रति चौरस मीटर प्रकाश, पंचवीस अंश तापमान, ठरलेला वर्णपट, मोजणारा त्रयस्थ: ही शिस्त या क्षेत्राला लागली त्यात तक्त्याचा वाटा मोठा आहे. मुद्दा असा, की सायटेशनचा आकडा लेखकाच्या थोरवीबद्दल जितकं सांगतो त्याहून कितीतरी जास्त सायटेशन देणाऱ्याच्या गरजेबद्दल सांगतो. कोणाला गरज पडली, लेखात कुठे पडली आणि कशासाठी पडली, हे पाहिल्याशिवाय नुसता आकडा वाचणं म्हणजे औषधाच्या दुकानाची वार्षिक उलाढाल पाहून गावाच्या तब्येतीबद्दल मत बनवण्यासारखं आहे.

गरज म्हणजे काय ते शॉकली आणि क्वाइसर यांच्या लेखात स्वच्छ दिसतं. विल्यम शॉकली यांना ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चं नोबेल मिळालेलं होतं. हान्स क्वाइसर हे जर्मनीहून कॅलिफोर्नियात त्यांच्या प्रयोगशाळेत आलेले तरुण भौतिकशास्त्रज्ञ. दोघांनी १९६१ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये एक साधा पण खोल प्रश्न विचारला. सगळं निर्दोष असलं, पदार्थ शुद्ध आणि कारागिरी उत्तम असली, तरी एका जोडाच्या सौरघटाला निसर्ग जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतो? घट प्रकाश शोषतो तसा तो उत्सर्जितही करणारच, हे उष्मागतिकीचं बंधन धरून त्यांनी सिलिकॉनच्या आसपासच्या पदार्थांसाठी कमाल मर्यादा सुमारे तीस टक्के काढली. आधुनिक वर्णपटानुसार आणि योग्य पदार्थ निवडल्यास ती सुमारे ३३.७ टक्के येते. आज या क्षेत्रात शिरणारा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात ही मर्यादा शिकतो.

आणि तरीही तो लेख वर्षानुवर्षं पडून होता. संदर्भांच्या अभ्यासात अशा लेखांना ‘स्लीपिंग ब्युटी’ म्हणजे झोपलेली राजकन्या म्हणतात. लायडनच्या व्हान रान यांनी २००४ साली हे नाव रूढ केलं. वेर्नर मार्क्स यांनी २०१४ साली शॉकली-क्वाइसर लेखाचा अभ्यास करून त्याला या जातीचं ठळक उदाहरण ठरवलं. नोबेलविजेत्याचं नाव लेखावर होतं, नियतकालिक नामांकित होतं, गणित बिनचूक होतं. मग झोप कशाची? १९६१ साली सौरघट हे मुख्यतः उपग्रहांवर बसवायचं साधन होतं. १९५४ साली बेल प्रयोगशाळेत चेपिन, फुलर आणि पिअरसन यांनी सहा टक्क्यांचा सिलिकॉन घट केला होता, त्यानंतर गाडी हळूहळू पुढे सरकत होती. जिथे प्रत्यक्ष घट कमाल मर्यादेपासून इतका लांब, तिथे मर्यादा नेमकी कुठे आहे याची चौकशी कोण करणार? हा क्षेत्रातल्या माणसांचा दोष नव्हता, त्यांना त्या उत्तराची गरजच पडली नव्हती. नव्या शतकात घट मर्यादेच्या जवळ सरकू लागले, नवे पदार्थ आले, आणि ‘आपण छतापासून किती खाली आहोत’ हे प्रत्येकाला आलेखावर दाखवावं लागू लागलं. मग आलेखाच्या वरच्या बाजूला ती रेघ आली आणि रेघेबरोबर १९६१ चा संदर्भ.

लेखकांनी एका अक्षराचाही बदल केला नाही. बदलले ते वाचणारे. एखाद्या संशोधकाच्या चाळिसाव्या वर्षी बढतीच्या समितीने आकडा पाहिला आणि साठाव्या वर्षी पुन्हा पाहिला, तर त्याच कामाची किंमत दहापट झालेली दिसू शकते. बढती मात्र चाळिसाव्या वर्षीच द्यायची असते.

पेरोव्हस्काइट या सौरघटाच्या नव्या पदार्थाची गोष्ट याहून वेगवान आणि म्हणून जास्त फसवी आहे. योकोहामाच्या तोइन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका यांच्याकडे आकिहिरो कोजिमा हा विद्यार्थी एक विचित्र कल्पना घेऊन काम करत होता: रंगद्रव्याच्या सौरघटात रंगद्रव्याऐवजी शिशाच्या हॅलाइडचं पेरोव्हस्काइट वापरून पाहू. २००९ साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’मध्ये त्यांचा लेख आला. कार्यक्षमता ३.८ टक्के. द्रव विद्युत-अपघटनीत तो पदार्थ विरघळून जायचा, घट फार थोडा वेळ टिकायचा. पहिली दोन-तीन वर्षं फारसं कोणी वळून पाहिलं नाही आणि त्यात आश्चर्य नाही. मग ऑक्सफर्डच्या हेन्री स्नेथ यांचा विद्यार्थी जपानात येऊन ती कृती शिकून गेला. २०१२ साली स्नेथ यांच्या गटाने, मियासाका यांना सहलेखक करून, ‘सायन्स’मध्ये १०.९ टक्क्यांचा घन अवस्थेतला घट छापला. त्याच वर्षी दक्षिण कोरियात नाम-ग्यू पार्क यांच्या गटानेही घन अवस्थेतला ९.७ टक्क्यांचा घट दिला. यानंतर बांध फुटला. २००९ च्या लेखाची सायटेशन्स आज दहा हजारांच्या कितीतरी पुढे आहेत.

यांतली बहुतेक कुठे पडतात ते बघा. प्रस्तावनेच्या दुसऱ्या वाक्यात. ‘२००९ साली ३.८ टक्क्यांपासून सुरू झालेला हा प्रवास आज सव्वीस टक्क्यांपलीकडे गेला आहे’ या छापाचं वाक्य मी इतक्या पेपरांत वाचलं आहे, की ते लिहिणाऱ्यांपैकी मूळ लेख उघडून पाहणारे किती असतील याची शंका येते. कोजिमा-मियासाका यांची मूळ कृती, म्हणजे द्रव अपघटनी आणि टायटॅनियम ऑक्साइडवरचे सूक्ष्म स्फटिक, आता कोणी वापरत नाही. त्या लेखाचा मान योग्यच आहे, कारण दार त्यानेच उघडलं. पण तो मान आणि कामातला उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सायटेशनचा एकच आकडा दोन्ही एकाच गोणीत भरतो.

गंमत म्हणजे सायटेशन-सूचीची मूळ कल्पना या फरकावरच उभी होती. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ती मांडली आणि १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला. प्रेरणा होती अमेरिकी वकिलांच्या ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ची. वकिलाला एखाद्या जुन्या निवाड्याचा आधार घ्यायचा असेल, तर तो नंतरच्या खटल्यांत कायम राहिला, त्याला मर्यादा पडली की तो फिरवला गेला, हे कळावं लागतं. शेपर्डच्या नोंदी हे सांगत. गारफील्डना हवं होतं ते शोधाचं साधन: जुना लेख हाती आहे, आता तो पुढे कोणी वापरला, कोणी खोडला, ते शोधू. म्हणजे वाट पुढच्या लेखांकडे जाणारी. नंतर या सूचीची मोजपट्टी झाली तेव्हा वकिलांच्या नोंदीतला महत्त्वाचा भागच गळाला. निवाडा कायम झाला की फिरला हे न सांगता त्याचा उल्लेख किती वेळा झाला एवढंच सांगणारा वकील तुम्ही नेमाल का?

फिरलेल्या निवाड्याचं उदाहरणही सौरघटांतच आहे. जान हेंड्रिक श्योन हा बेल प्रयोगशाळेतला तरुण तारा. २००० साली ‘नेचर’मध्ये त्याचा पेंटासीन या सेंद्रिय पदार्थाच्या कार्यक्षम सौरघटावरचा लेख आला. २००१ साली त्याच्या नावावर सरासरी आठ दिवसाला एक लेख येत होता. निरनिराळ्या प्रयोगांच्या आलेखांत खडबडीतपणाची नक्षी तंतोतंत सारखी असल्याचं इतरांच्या लक्षात आलं. २००२ साली चौकशी समितीने बनावटगिरी सिद्ध केली आणि पुढे तो सौरघटाचा लेखही मागे घेण्यात आला. उघडं पडण्याच्या आदल्या महिन्यापर्यंत त्याची प्रकाशनसूची कोणत्याही समितीसमोर अव्वल ठरली असती. त्याला पकडलं ते आलेख डोळ्यांनी पाहणाऱ्यांनी. कोणत्याही निर्देशांकाने नव्हे.

आता कोल्हापूर. मराठी वाचकाला या विषयात सगळ्यांत जवळचं आणि मला सगळ्यांत रोचक वाटणारं उदाहरण तिथलं आहे. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात पातळ थरांवर म्हणजे थिन फिल्मवर अनेक वर्षं काम चाललं आहे. निर्वात कक्ष आणि महागडी यंत्रं नसतानाही सौरघटाचे थर बनवता येतात, आणि त्यासाठी रासायनिक पद्धती आहेत, हे तिथल्या कामाचं सूत्र. एक पद्धत अशी: काचपात्रात कॅडमियमच्या क्षाराचं द्रावण, अमोनिया आणि थायोयुरिया घ्यायचं, काचेची पट्टी उभी बुडवायची आणि साधारण साठ-सत्तर अंशांवर ठेवायचं. पट्टीवर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर चढत जातो. दुसरी, जिला प्रयोगशाळेत सगळे ‘सिलार’ म्हणतात, ती आळीपाळीने बुडवण्याची: एका द्रावणात पट्टी बुडवा, पाण्यात धुवा, दुसऱ्यात बुडवा, धुवा, आणि हवी तितकी जाडी येईपर्यंत हे फेरे करा. तिसरी फवाऱ्याची. तापलेल्या काचेवर द्रावण फवारलं की थर बसतो.

या तिन्ही पद्धतींवर कोल्हापूरहून दीर्घ आढावा-लेख लिहिले गेले. प्रमोद पाटील यांचा फवारा-पद्धतीवरचा लेख १९९९ चा, राजाराम माने आणि चंद्रकांत लोखंडे यांचा रासायनिक निक्षेपणावरचा २००० चा, दोन्ही ‘मटेरियल्स केमिस्ट्री अँड फिजिक्स’मधले. हबीब पठाण आणि लोखंडे यांचा सिलारवरचा लेख २००४ साली ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’ या बंगळुरूहून निघणाऱ्या भारतीय नियतकालिकात आला. हे तिन्ही लेख या विषयात खूप उद्धृत होतात. त्यांत जागतिक उच्चांक नाही, नवा सिद्धान्त नाही. मग कोणाला गरज पडली? ज्यांच्याकडे बीकर, हॉटप्लेट, पीएच मीटर आणि दोन विद्यार्थी आहेत त्यांना. मेक्सिकोत, नायजेरियात, तुर्कस्तानात, तमिळनाडूतल्या एखाद्या महाविद्यालयात. अशा ठिकाणी हे लेख प्रस्तावनेत शोभेला येत नाहीत, ते ‘प्रायोगिक कृती’ या भागात येतात: द्रावणाचा सामू किती ठेवला, तापमान किती, थर का सोलवटला. कोणीतरी खरोखर वाचून, हात ओले करून, मग दिलेलं सायटेशन.

आढावा-लेख म्हणजे फुकटची सायटेशन्स, असं नाक मुरडणारे बरेच असतात. काही बाबतीत ते खरंही आहे. मूळ शोध लावणाऱ्याचा लेख आढाव्याच्या आड जातो. सिलारचा उगम १९८५ साली फ्रान्समध्ये निकोलाऊ यांच्या कामात आहे, पण आज आढावा उद्धृत करून थांबणारे पुष्कळ. तरी मला कोल्हापूरच्या या लेखांची बाजू घ्यावीशी वाटते. विखुरलेल्या शेकडो कृती गोळा करून, कोणत्या पदार्थाला कोणतं द्रावण चालतं याची नोंद एका जागी करणं हे गरीब प्रयोगशाळांसाठी मोठं काम होतं. आणि ही पद्धत गरिबाघरचीच आहे असंही नाही. तांबं-इंडियम-गॅलियम-सेलेनियमच्या उत्तमोत्तम घटांतही कॅडमियम सल्फाइडचा पातळ थर याच रासायनिक न्हाणीतून चढवला जात आला आहे. कोल्हापूरचे कितीतरी विद्यार्थी पुढे पोस्ट-डॉकसाठी दक्षिण कोरियात गेले आणि तिथल्या पेपरांत मराठी आडनावांची रांग लागली. त्या विस्ताराची बीजं काही अंशी या कृतीच्या पानांत आहेत.

आडनावांवरून आठवलं. सायटेशनच्या विदागारात ‘पाटील पी. एस.’ असा शोध घेऊन बघा. पदार्थविज्ञान, वैद्यक, शेती, संगणक असे सगळे पाटील एका माळेत येतात. ‘वांग जे.’ची गत याहून वाईट. २०१२ पासून ऑर्किड क्रमांक आले, थोडी सुधारणा झाली, पण ज्या आकड्यावर माणसाची नोकरी ठरते तो आकडा कोणाचा आहे हेच आधी तपासावं लागतं, यात काय ते आलं.

कोल्हापूरच्या खुल्या कृतींच्या उलट टोकाला कॅडमियम टेल्युराइड आहे. सिलिकॉनखालोखाल बाजारात टिकलेला हा पातळ थराचा घट. त्याची पॅनेलं गीगावॉटच्या मापात बसलेली आहेत. पण हे ज्ञान बरंचसं कंपनीच्या आत राहिलं. कंपन्या पेपर लिहायला पगार देत नाहीत, उलट कृती बाहेर जाऊ नये म्हणून देतात. म्हणून कॅडमियम टेल्युराइडवर पेपर कमी, पॅनेलं पुष्कळ. पेरोव्हस्काइटवर हजारो पेपर, पॅनेलं आत्ता कुठे कारखान्याबाहेर पडू लागलेली. दोन विषयांतल्या दोन समवयस्क संशोधकांचे आकडे शेजारी ठेवणारी समिती प्रत्यक्षात त्या विषयांतली गर्दी मोजत असते.

एच-इंडेक्सने ही गर्दी सुबक केली. सॅन दिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ साली तो सुचवला. तुमच्या ‘एच’ इतक्या लेखांना प्रत्येकी किमान ‘एच’ सायटेशन्स असतील तर तो तुमचा निर्देशांक. सोपा, एका अंकात मावणारा. तक्त्याची प्रत्येक आवृत्ती त्यात स्वतंत्र लेख म्हणून बसते, आणि शॉकली-क्वाइसर लेख, पुढे कितीही हजार सायटेशन्स मिळोत, त्यात एकनेच भर घालतो. खुद्द हर्श यांनी २०२० साली लिहिलं की हा निर्देशांक दारुण अपयशी ठरू शकतो आणि त्याचे अनपेक्षित दुष्परिणाम आहेत. पण तोवर तो आपल्या विद्यापीठांच्या अर्जांत रकाना होऊन बसला होता.

आपल्याकडे असे रकाने कसे आले याचा इतिहास छोटा आणि बोधप्रद आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी एपीआय ही गुणपद्धती आणली. प्रत्येक पेपरला गुण. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलेला हवा हाही नियम होता. मागणी आली की पुरवठा येतोच. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणारी नियतकालिकं गावोगाव उगवली. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा अभ्यास भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापला. तपासलेल्या एक हजार नऊ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट असावीत असं त्यात दिसलं. मग मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं. २०२२ साली पीएच.डी.साठी पेपरची सक्ती निघाली, २०२५ च्या फेब्रुवारीत केअर यादीही आयोगाने बंद केली. पंधरा वर्षांत मोजपट्टी इतक्यांदा बदलली, लेख वाचायचा मात्र कोणी प्रस्ताव मांडला नाही. दरम्यान २०१९ पासून स्टॅनफर्डच्या जॉन आयोनिडिस यांच्या गटाची ‘आघाडीच्या दोन टक्के’ शास्त्रज्ञांची यादी सुरू झाली आणि महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारांवर अभिनंदनाचे फ्लेक्स झळकू लागले. त्या यादीत स्वतःचीच सायटेशन्स धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे असतात. फ्लेक्सवर कोणता घेतला ते लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. आकडा काढून टाकला तर उरतं काय? ओळखपाळख, जात, गाईडचं वजन, आमदाराचं पत्र. तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेल्या, कोणाचा वरदहस्त नसलेल्या उमेदवाराजवळ निदान आकडा असतो, तो कोणाला नाकारता येत नाही. हे खरं आहे. ‘वाचून ठरवा’ असं म्हणणाऱ्यांनी वाचणारे कोण हे विसरू नये. ज्या समितीला आकडा नको असतो तिला बहुधा माणूस आधीच ठरलेला असतो, असा संशय आपल्याकडे निराधार म्हणता येत नाही.

दुसरा मार्ग सुचतो तो असा, की सौरऊर्जेत तरी सायटेशनऐवजी खऱ्या मापावर जावं. किती टक्के, किती क्षेत्रफळ, किती तास टिकला. इतर अनेक विद्याशाखांना अशी दुसरी मोजपट्टी नाही, इथे ती आहे. पण तीही निष्पाप नाही. पेरोव्हस्काइटच्या पहिल्या बहरात एक चौरस सेंटिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या घटांवर उच्चांक जाहीर होत. व्होल्टेज चढत्या क्रमाने मोजलं तर एक कार्यक्षमता, उतरत्या क्रमाने मोजलं तर दुसरी, आणि लेखात चांगली तेवढी. २०१४ साली स्नेथ यांच्याच गटाने या विसंगतीवर लेख लिहिला आणि पुढे नियतकालिकांनी मोजणीची तपासणी-सूची मागायला सुरुवात केली. ग्रीन यांच्या तक्त्यात मुख्य नोंदीसाठी किमान एक चौरस सेंटिमीटरची अट आहे ती उगाच नाही. शिवाय सगळ्यांनी उच्चांकामागे धावायचं ठरवलं तर साक्रीच्या सौरप्रकल्पात पॅनेलावर धूळ किती बसते, एप्रिलच्या उन्हात पॅनेल साठ अंशांवर तापल्यावर वीज किती घटते, विदर्भातल्या शेतकऱ्याचा सौरपंप तिसऱ्या वर्षी का बंद पडतो, हे प्रश्न कोण विचारणार? त्यांना ना उच्चांक मिळतो ना परदेशी सायटेशन, कारण ऑक्सफर्डला त्यांची गरज पडत नाही. गरज महावितरणला असते, आणि महावितरण पेपर लिहीत नाही.

म्हणून आकडा काढायचा नाही आणि त्यावर ठरवायचंही नाही. उमेदवाराला प्रश्न विचारायला तो वापरायचा. जर्मनीच्या डीएफजी या संशोधन-निधी संस्थेने २०१० साली अर्जदाराच्या परिचयात पाचच लेख द्यायची मर्यादा घातली. पाच लेख कोणतीही समिती एका दुपारी वाचू शकते. सौरऊर्जेच्या उमेदवाराकडून मी त्या पाचांबरोबर आणखी एक कागद मागेन: प्रत्येक लेखाला ज्यांनी उद्धृत केलं त्यांतले असे तीन, ज्यांनी तुमची कृती, तुमचं मोजमाप किंवा तुमची आकडेमोड खरोखर वापरली, आणि असा एक, ज्याने तुमचं म्हणणं खोडलं. हा कागद खोटा लिहिणं अवघड आहे, कारण दुसऱ्याचे लेख सगळ्यांसमोर उघडे असतात. पक्षपात करणाऱ्या समितीलाही तो अडचणीचा, कारण माहिती अधिकारात मागता येतो आणि शेजारच्या विभागातल्या कोणालाही पडताळता येतो. ज्याच्या सहाशे सायटेशन्समधून असे तीन लेख निघत नाहीत, त्याची यादी लांब असली तरी मुलाखत लहान होईल. ज्याच्या चाळीस सायटेशन्समधले पंचवीस ‘प्रायोगिक कृती’च्या भागात असतील, त्याला पुढची खुर्ची द्यावी आणि त्याच्या द्रावणाचा सामू नेमका किती होता ते विचारावं.